अठ्ठेचाळीस दंतवैद्य आणि काउंटरसर

भावोजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते काउंटरच्या पलीकडे. ताईने घरात लग्नाचं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "आधी मुलगा कामावर कसा असतो ते बघू. घरी काय, सगळेच चांगले वागतात." म्हणून बाबा आणि मी, कुणाला न कळवता, त्यांच्या हॉटेलात गेलो. काउंटरमागे एक उंच, किडकिडीत माणूस ताठ उभा होता. बाबांनी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, "प्रवास कसा झाला?" बाबा गांगरले. आमच्या घरापासून ते हॉटेल वीस मिनिटांवर. "बरा झाला," म्हणाले. मग त्याने फॉर्म पुढे सरकवला, पेनचं टोपण काढून पेन हातात दिलं, आणि आयुष्यात कुणाचं मुकाट न ऐकलेल्या माझ्या बाबांनी नाव, पत्ता, वय असा सगळा फॉर्म भरला. 'येण्याचे कारण' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं. बारा नंबरची चावी हातात पडल्यावर ते भानावर आले. चावी परत करून आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण मला काही विचारताच आलं नाही."

लग्न झालं. भावोजी त्या काउंटरमागे बावीस वर्षं उभे राहिले. मग इमारत विकली गेली, हॉटेल बंद झालं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी हा माणूस आमच्या ताईच्या स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभा राहायला लागला. ताईने दोन आठवडे सहन केलं. तिसऱ्या आठवड्यात तिने मला फोन केला. "तुझ्या त्या कॉलेजात यांना कुठेतरी लाव. मी पाणी प्यायला उठले तरी विचारतात, काही मदत करू का."

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेत हाउसकीपिंग शिकवते. पलंगावर चादर कशी घालायची हे मी गेली अठरा वर्षं शिकवते आहे, आणि त्यावर जो हसतो त्याला मी चारही कोपरे मोडून पुन्हा घालायला लावते. आमच्याकडे फ्रंट ऑफिस शिकवायला, म्हणजे काउंटरवरचं काम शिकवायला, माणूस टिकत नव्हता. भावोजी आले आणि टिकले. मुलांनी आठवड्याभरात त्यांचं नाव काउंटरसर ठेवलं. घरी ते माझे भावोजी, कॉलेजात सर. कधी चुकून मी वर्गाच्या दारातून "भावोजी" अशी हाक मारली की पोरं दिवसभर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायची.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. एक मोठं रजिस्टर, चाव्यांसाठी खणांची फळी आणि भावोजींचं तोंड, एवढ्यावर तो विषय चालला. दुसऱ्या वर्षी प्राचार्यांनी अकरा कॉम्प्युटर आणले आणि हॉटेल चालवायचं सॉफ्टवेअर घेतलं. माहितीपत्रकावर 'तंत्रज्ञान-सज्ज, पहिल्या दिवसापासून नोकरीसाठी तयार' असं छापून आलं. मग ते सॉफ्टवेअर शिकवायचं कुणी, हा प्रश्न निघाला आणि तो भावोजींच्या गळ्यात पडला.

कंपनीतून एक तरुण आला. अर्धा दिवस भराभर बोलला आणि दुपारी जेवून गेला. भावोजींनी त्याचं बोलणं वहीत उतरवून घेतलं, सतरा पानं. त्यांना त्यातलं किती कळलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण लिहिलेलं त्यांनी पाठ केलं आणि तेच शिकवायला लागले.

त्या कॉम्प्युटरातलं हॉटेल साठ खोल्यांचं होतं. पाहुणे कंपनीने बनवलेले, खोटे. सरावाचं सॉफ्टवेअर असल्यामुळे त्यातली तारीख पुढे सरकत नसे. त्या हॉटेलात गेली आठ वर्षं एकच मंगळवार चालू होता. तिथे कुणाला ताप येत नसे, कुणाची बॅग हरवत नसे. मुलांनी तासाच्या सुरुवातीला पाहुणे आत घ्यायचे, खोल्या द्यायच्या, त्या उघडायची कार्डं बनवायची. आणि तास संपताना सगळ्यांना बाहेर काढायचं. तसं केलं नाही तर पुढच्या तुकडीला 'खोली शिल्लक नाही' असं दिसे आणि त्यांचा तास वाया जाई. वहीच्या सतराव्या पानावर शेवटची ओळ होती: उठण्यापूर्वी हॉटेल रिकामे करणे.

भावोजींनी ही ओळ फार मनावर घेतली. तास संपायला पाच मिनिटं राहिली की ते टाळी वाजवायचे. "चला, हॉटेल रिकामं करा. सगळे निवडा, चेक-आउट दाबा, 'खात्री आहे का' विचारेल, 'हो' म्हणा. खुर्ची आत सरकवा आणि मग उठा." प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्याला पाच गुण होते. चेक-इन उत्तम केलं आणि हॉटेल भरलेलं ठेवून उठलं, तर पाच गुण गेले.

एकदा डबा खाताना त्यांनी मला विचारलं, "मेहुणीबाई, आपण रोज हॉटेल रिकामं का करतो गं? आमच्या हॉटेलात तर असं कुणी करत नव्हतं."

"कॉम्प्युटरचं काहीतरी असेल," मी म्हणाले आणि लोणच्याची फोड उचलली. मला काय ठाऊक. पण मी ते इतक्या ठामपणे म्हणाले की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

टापटीप ही भावोजींची विद्यार्थिनी, आमच्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मावशीकडे राहायची, मावशी इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला. हे नाव तिला मुलांनी ठेवलं, कारण ती दुसऱ्याच्या बाकावरचीही वही सरळ करून ठेवायची. बोलणं कमी. दोन मुलाखतींत त्यामुळेच नापास झाली. तिसरी मुलाखत शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात होती. तिथल्या फ्रंट ऑफिसच्या मॅनेजरबाई प्रश्न विचारत असताना हिने म्हणे त्यांच्या टेबलावरची पेनं एका रांगेत लावली. आणि त्यांनी हिला घेतलं, तीन महिन्यांच्या चाचणीवर.

आमच्या संस्थेतून त्या हॉटेलात आधी गेलेल्या दोघी माझ्या, हाउसकीपिंगच्या. काउंटरवर जाणारी टापटीप पहिलीच. प्राचार्यांनी तिचा फोटो दर्शनी भागात लावला. हॉटेलचं म्हणणं असं होतं की ही मुलगी तीन महिन्यांत नीट वाटली, कायम झाली, तर यंदाच्या बावीस मुलांमधले आठ जण ते घेतील. म्हणजे एका मुलीच्या नोकरीवर आठ नोकऱ्या टांगलेल्या होत्या. त्या आठांत तीन माझ्या विद्यार्थिनी, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे मी जशी वागले ती त्यामुळे वागले.

दुसऱ्या महिन्यात त्या हॉटेलात दंतवैद्यांची परिषद भरली. अठ्ठेचाळीस दंतवैद्य, अठ्ठेचाळीस खोल्या, सगळ्यांचं बिल आयोजकांच्या नावावर. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता टापटीपची पाळी संपत होती. तिच्या वरच्या सुपरवायझरने कुणालातरी जादा कार्ड द्यायला त्या गटाची यादी उघडली होती. तेवढ्यात त्याला आतून बोलावणं आलं. यादी समोर उघडी. अठ्ठेचाळीस नावं, प्रत्येकापुढे 'आत'.

टापटीप उठायच्या बेतात होती. तिने सगळे निवडले आणि चेक-आउट दाबलं. बिल आयोजकांच्या नावावर असल्यामुळे कॉम्प्युटरने पैशांचं विचारलं नाही. 'खात्री आहे का' एवढंच विचारलं. तिने 'हो' म्हटलं, काउंटर पुसला, खुर्ची आत सरकवली आणि बसने घरी गेली. घरी मावशीला म्हणाली, आजचा दिवस चांगला गेला.

पुढचं मला माझ्या त्या दोघींनी सांगितलं. त्यांच्या यादीत एकदम अठ्ठेचाळीस खोल्या 'गेले, साफ करा' अशा आल्या. आत जाऊन बघतात तर बॅगा, चपला, दात घासायचे ब्रश. दंतवैद्यांचे ब्रश, म्हणजे एकेकाचे तीन-तीन. त्यांनी त्यांच्या प्रमुखाला विचारलं. तो म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये गेले म्हणजे गेले. विसरले असतील." अठ्ठेचाळीस माणसं एकाच वेळी ब्रश विसरतात का, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. माझ्या मुलींनी सगळं सामान पिशव्यांत भरलं आणि प्रत्येक पिशवीला खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावली. चिठ्ठ्या लावल्या याचा मला थोडा अभिमान वाटतो. पुन्हा तोंड उघडून विचारलं नाही, याची लाज वाटते.

पाच वाजेपर्यंत काउंटरवरच्या नव्या पाळीने त्यातल्या अकरा खोल्या दुसऱ्या लोकांना दिल्या. साडेपाचला परिषद सुटली. दंतवैद्य वर गेले, कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं, लाल दिवा. सगळे खाली आले. एक जण पोहून आला होता, अंगावर टॉवेलचा झगा, पायांवरून पाणी गळतंय. त्याच्या खोलीत एक नवरा-बायको चहा पीत बसले होते. काउंटरवरचा मुलगा स्क्रीन बघून म्हणाला, "पण साहेब, तुम्ही दोन वाजताच गेलात." त्यावर तो झग्यातला दंतवैद्य शांतपणे म्हणाला, "मी गेलो असेन, तर इथे कोण उभं आहे?"

नोंद सुपरवायझरच्या नावावर निघाली. तो शपथा घ्यायला लागला. दुसऱ्या दिवशी टापटीप कामावर आली, सगळा प्रकार ऐकला आणि म्हणाली, "मी केलं." का केलं विचारल्यावर म्हणाली, "चुकून झालं." दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच. हॉटेलने तिला घरी बसवलं आणि आमच्या संस्थेला पत्र पाठवलं: तुम्ही हेच शिकवता का? शुक्रवारी येऊन सांगा. मुलीचं काय करायचं ते त्यानंतर ठरवू.

प्राचार्यांनी आम्हां दोघांना बोलावलं. माझा तसा संबंध नव्हता, पण मी भावोजींना नोकरीला लावलेलं, त्यामुळे त्यांच्या बाबतीतल्या प्रत्येक भानगडीत मला बोलावायची पद्धत पडली होती. प्राचार्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. 'विद्यार्थिनीला योग्य कार्यपद्धती शिकवण्यात आली होती. घडलेला प्रकार तिच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे घडला आहे.' खाली भावोजींचं नाव आणि सहीसाठी जागा.

भावोजींनी तो दोनदा वाचला. "पण रिकामं करायला मीच शिकवलं."

"लॅब रिकामी करायला शिकवलंत, सर. हॉटेल रिकामं करायला शिकवलंत का?"

"मी लॅबला हॉटेलच म्हणतो."

"म्हणत असाल. पण ती मुलगी पाहते आहे ना, समोर खरी माणसं आहेत. तिला एवढं कळायला नको?"

"कळायला हवं," भावोजी म्हणाले. मग कागद खाली ठेवून, "पण मग तिला पाच गुण का दिले मी?"

प्राचार्य वाईट माणूस नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, ती एक आहे. मागे बावीस आहेत. त्यातले आठ तिथे लागणार आहेत. तुम्ही तिथे जाऊन सांगितलंत की आम्हीच असं शिकवतो, तर ते आठ गेले. आता तुम्हीच ठरवा." आणि ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी ताईकडे जात होते. भावोजी टेबलाशी वही घेऊन बसलेले. त्यांनी एका कोऱ्या पानावर दोन रकाने पाडले होते, 'खरं' आणि 'लॅबपुरतं'. आपण शिकवलेली एकेक गोष्ट घेऊन ती कुठे बसते ते ते ठरवत होते. तारीख बघायची गरज नाही, असं ते मुलांना सांगत, कारण ती बदलतच नाही. ते लॅबपुरतं. कॉम्प्युटरने काहीही विचारलं तरी 'हो' म्हणा, असं सांगत, कारण 'नाही' म्हटलं की तो अडकून बसे. ते लॅबपुरतं असावं, पण खात्री नाही. एकाच नावाचे दोन पाहुणे कधी येत नाहीत, हे खोटं आहे ते तर त्यांना स्वतःच्या हॉटेलावरून माहीत होतं, तरी आठ वर्षं शिकवलं. बुधवारपर्यंत त्यांनी तिसरा रकाना पाडला, 'माहीत नाही', आणि तो पानाखाली उतरून मागच्या बाजूला गेला.

"अहो, पण त्या मुलीला विचारलंत का?" ताई भाजी चिरता चिरता म्हणाली. "तिचं काय म्हणणं आहे?"

त्यांनी विचारलं नव्हतं. फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होते. टापटीप एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही काळजी करू नका. मी सांगितलंय, माझ्याकडून झालं." भावोजींनी विचारलं, "अगं, पण मी शिकवलं होतं हे तू का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "मावशीला इस्त्री द्यायचीय, ठेवते," आणि ठेवला. भावोजी फोनकडे बघत राहिले.

"आता ही असं का करते?" त्यांनी मला विचारलं.

मी चिडले. मला खरं तर माझ्या तिघींची काळजी होती आणि ती मी भावोजींवर काढली. "भावोजी, सही करा," मी म्हणाले. "ती स्वतः म्हणते ना तिची चूक. तुम्ही कशाला मध्ये पडता?" ताईने सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी आम्ही गेलो. प्राचार्य त्यांच्या गाडीने, आम्ही दोघं बसने. कागद भावोजींच्या आतल्या खिशात, बिनसहीचा. हॉटेलच्या काउंटरपाशी ते क्षणभर थांबले आणि तिथल्या मुलाच्या खांद्यावरून स्क्रीनकडे डोकावले. आमच्या लॅबमध्ये निळा पडदा, मोठी चौकोनी बटणं. इथे सगळं पांढरं, बारीक, बटणं कुठेच दिसेनात. "आमच्याकडे निळा पडदा आहे, हे तेच आहे का?" त्यांनी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "तेच, पण ते जुनं, तुम्ही म्हणताय ते. आता कुणी वापरत नाही." भावोजींनी मान डोलावली. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी राग आला की इतकी वर्षं कुणी आम्हाला एवढंही सांगितलं नाही.

मॅनेजरबाई पस्तिशीच्या, बोलायला सरळ. त्यांच्या खोलीत टापटीप एका खुर्चीच्या कडेवर बसली होती, गणवेश इस्त्री केलेला. प्राचार्यांनी आमच्या संस्थेचं कौतुक सुरू केलं. मॅनेजरबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं आणि मुलीकडे वळल्या.

"शेवटचं विचारते. हे तू का केलंस?"

"चुकून झालं, मॅडम. चूक माझी आहे."

"सगळे निवडून, 'हो' म्हणून, चुकून?"

मग भावोजी बोलले. ते तिला विचारत होते, बाकी खोलीत कुणी नाही असं धरून. "पोरी, तू माझं नाव का नाही घेतलंस?"

टापटीपने एकदा मॅनेजरबाईंकडे पाहिलं. "सर, तुम्हीच शिकवलं होतं. पाहुण्यासमोर आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. धोब्याने शर्ट हरवला तरी काउंटरवरच्या माणसाने म्हणायचं, आमच्याकडून चुकलं."

हे भावोजींनी खरंच शिकवलं होतं. ते वहीतलं नव्हतं, त्यांच्या बावीस वर्षांतलं होतं.

"मी काही पाहुणी नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"मला कळत नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "मला अजून कायम केलेलं नाही. म्हणून तुम्ही माझ्यासाठी आतल्या की बाहेरच्या, ते कळेना. आणि सर आतले की तुम्ही आतल्या, तेही कळेना. मग मी कुणाचंच नाव घेतलं नाही."

प्राचार्यांनी भावोजींकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशाकडे. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते मी सांगते. मला वाटत होतं, भावोजींनी गप्प बसावं. हे वाटल्याची मला लाज वाटते, पण वाटत होतं.

"रिकामं करायला मी शिकवलं," भावोजी म्हणाले. "आठ वर्षं. त्याला पाच गुण असतात. हिला पाचपैकी पाच आहेत."

"पण का?" मॅनेजरबाईंना खरंच कळत नव्हतं. "हॉटेल रिकामं का करायचं?"

"पुढची तुकडी येते म्हणून." मग त्यांनाच ते पुरेसं वाटलं नाही. "मी विचारलं होतं एकदा. कॉम्प्युटरचं काहीतरी असेल, असं ठरलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी जमिनीकडे बघत राहिले.

मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्याकडून आलेली सगळी मुलं असंच करतील?"

प्राचार्य खाकरले. भावोजींनी बराच वेळ घेतला. ते टाळत नव्हते. ते खरंच मोजत होते, एकेका वर्षाची मुलं डोळ्यांसमोर आणून. "सगळी," ते शेवटी म्हणाले. "एखादा करणार नाही. पण मग त्याने माझं ऐकलं नसेल."

निकाल तिथेच लागला. टापटीप राहिली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "हिला ही एक गोष्ट आता कुणी शिकवायची गरज नाही. उद्या सकाळी ये. आणि माझ्यासमोर नाव घ्यायचं असतं." मग प्राचार्यांकडे वळून म्हणाल्या, "पण ते आठ जण मी यंदा घेऊ शकत नाही. प्रत्येकाच्या मागे एक माणूस उभा करायला माझ्याकडे माणसं नाहीत." टापटीप रडायला लागली. ती नोकरी राहिली म्हणून रडत होती की आठ जणांचं ऐकून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

प्राचार्य आमच्याशी न बोलता गाडीत बसून गेले. आम्ही बसथांब्यावर उभे राहिलो. दोन बस गेल्या, भावोजींनी हात केला नाही.

"मी बरोबर केलं ना?" त्यांनी विचारलं.

"मला विचारू नका," मी म्हणाले. माझ्या तिघींना मी काय सांगणार होते? भावोजींनी सही केली असती तर मी त्यांच्या घरी पुन्हा पाय ठेवला नसता, आणि सही केली नाही म्हणून मला त्यांच्याशी बोलावंसं वाटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. मी ताईला संध्याकाळी तसं सांगितलं तर ती म्हणाली, "मग जेवून जा."

सोमवारी सकाळी लॅबमध्ये बावीस मुलं होती, एका कॉम्प्युटरपाशी दोन-दोन. मी चादरींचा गठ्ठा घेऊन जात होते, दाराशी थांबले. भावोजींनी त्यांना कॉम्प्युटर सुरू करू दिले नाहीत. काय झालं ते सगळं सांगितलं. आठ जागा गेल्या हे सांगितलं, कुणामुळे गेल्या तेही सांगितलं. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या रांगेत होती. तिने वहीत लिहायला पेन उघडलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

मागून एकाने विचारलं, "सर, मग तास संपल्यावर आता काय करायचं? रिकामं करायचं की नाही?"

रिकामं केलं तर हीच सवय लागणार. नाही केलं तर पुढच्या तुकडीला खोली नाही. भावोजींनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मी दारात उभी होते म्हणून. मी चादरींचा गठ्ठा सावरला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

बावीस वर्षं काउंटरमागे काढलेल्या माणसाच्या तोंडून मी हे शब्द तोपर्यंत ऐकले नव्हते. काउंटरवर 'माहीत नाही' म्हणायची बंदी असते. तिथे 'विचारून सांगतो' म्हणायचं असतं, हे ते पहिल्याच तासाला शिकवत. मुलांनाही ते पाठ होतं. त्यामुळे पहिल्या रांगेतून कुणीतरी हळूच त्यांची चूक दुरुस्त केली.

"सर, विचारून सांगतो, म्हणायचं."

"हो," भावोजी म्हणाले. "पण कुणाला विचारू, ते कळत नाही."

मुलं हसली. त्यांना वाटलं, सर गंमत करताहेत.